वाघ, वावर आणि मधली तार

नागपूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर त्या वाघिणीबद्दल सांगताना तुझा आवाज चढला होता. शेताभोवतीच्या विजेच्या तारेला चिकटून मेलेलं जनावर तू पहिल्यांदाच पाहिलंस. ‘असल्या तारा लावणाऱ्या लोकांशी मी बोलू तरी काय?’ असं तू विचारलंस. वाघांचं तुला जास्त कळतं, पण माझी सारी नोकरी विजेच्या तारांत गेली. म्हणून हे लिहितो आहे.

अशा तारा मी काढल्या आहेत. बारीक जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर ठोकलेल्या बांबूच्या खुंट्या, त्यांवर प्लास्टिकच्या नळीचे तुकडे आणि दुसरं टोक खांबावरच्या लाइनवर आकडा टाकून जोडलेलं. जमिनीपासून उंची दीड फूट, म्हणजे रानडुकराच्या छातीएवढी. वाघासाठी ती कोणी लावत नाही. पण वाघही चालायला धुराच धरतो. त्या तारेत २३० व्होल्टचा दाब सलग असतो. स्नायू आखडतात आणि तारेला लागलेला जीव सुटू शकत नाही. रोही (नीलगाय) मरतो, बिबट मरतो, गाय मरते. पहाटे आकडा काढायला गेलेला शेतकरीही मरतो. त्याच्या घरच्यांचं रडणं मी ऐकलं आहे.

१९७२च्या वन्यजीव कायद्यात वाघ असा मारण्याला ३ ते ७ वर्षांची कैद आहे आणि ती व्हायलाच हवी. तरी शेतकरी आकडा का टाकतो, हे तुला ठाऊक असलं पाहिजे. धान भरात आलं की डुकरांचा कळप एका रात्रीत बांधी (धानाचं खाचर) उलथून टाकतो. पूर्वी माणसं मचाणावर जागलीला जात. आता वाघाच्या धाकानं जात नाहीत, आणि जागल सुटली तिथे तार आली. वाघ वाढले याचा आपल्याला आनंद आहे, पण त्याची किंमत त्या शेतकऱ्याच्या घरानं मोजली आहे. त्याच्याशी बोलताना हे तुझ्या मनात असू दे, पोरी.

झटका मशीनची गोष्ट वेगळी. सोलर पॅनलवर भरणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे मशीन चालतं आणि कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक ठोका देतं. ठोका हजारो व्होल्टचा, पण क्षणाच्याही छोट्या भागापुरता. जनावर दचकून मागे सरतं आणि जगतं. सरकारी अनुदानही मिळतं. पण पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो, बॅटरी बसते, आणि शेतकरी म्हणतो, मशीन बेकार. मग पुन्हा आकडा. गवत कापायला आणि अर्थिंगचा रॉड ओल्या जागी ठोकायला शिकवणं हेही वन्यजीव संरक्षणच आहे.

मारुती चितमपल्ली आठवतात ना? सोलापूरचा माणूस, वनखात्यात आला आणि विदर्भाचाच झाला. नवेगावबांधला त्यांनी तिथल्या गावकऱ्यांकडून पाखरांची नावं, सवयी शिकून घेतल्या. २०२५ साली पद्मश्री घेतली आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले. हुद्दा होता, तरी त्यांनी आधी ऐकून घेतलं. मला त्यांच्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं.

आणि यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याचा तो कॉलर लावलेला वाघ, २०१९ साली हजारावर किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेला? त्याची वाट शेतांमधूनच गेली होती. कितीतरी अनोळखी लोकांच्या धुऱ्यांवरून तो जिवंत गेला.

पुढच्या रविवारी मी येतो. टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन येईन, आई चिवड्याचा डबा देणार आहे. तोवर गावात झटका मशीन कोणाकडे आहे आणि त्यातली बंद किती, एवढी यादी करून ठेव. ज्याच्या वावरात वाघीण मेली त्याच्या शेजाऱ्यापासून सुरुवात करू.

तुझा,
बाबा