सिलिंडरचे पैसे आधी, अनुदान मागाहून

महोदय,

घरगुती गॅस महागला की चर्चा दरवाढ किती रुपयांची झाली याचीच होते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात दराइतकीच मोठी अडचण सगळे पैसे एकदम उभे करण्याची आहे, आणि सरकारी योजना आखताना तिचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या वस्तीतही घरोघरी शेगडी आली. आज त्यांतल्या कित्येक घरांत गॅसवर फक्त सकाळचा चहा होतो. भाकरी, वरण आणि आंघोळीचे पाणी पुन्हा चुलीवर गेले आहे. माझ्या शेजारच्या बाई चहा उतरवला की रेग्युलेटर बंद करून त्यावर फडके बांधतात, लेकरांचा हात लागून गॅस वाया जाऊ नये म्हणून. चुलीच्या धुराने काय होते हे त्यांना कुणी शिकवायला नको, रोज खोकतच त्या फुंकणी हातात घेतात. परंतु कापूस वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते, आणि किराणा व तेल घेतल्यावर उरलेल्या पैशांतून नऊशेच्या घरातली रक्कम एका वेळी निघत नाही. शिवाय सिलिंडरची गाडी गावापर्यंत येत नसल्याने ऑटोचे भाडे आणि बुडालेली मजुरी वेगळीच.

केंद्र सरकार उज्ज्वलाच्या ग्राहकांना ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान देते. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. दोन्ही योजना गरजेच्या आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. पण दोन्हींत आधी पूर्ण किंमत भरावी लागते आणि पैसे मागाहून बँकेत जमा होतात. ज्या घरात आधी भरायला पैसेच नाहीत, तिथे मोफत सिलिंडरही उसनवारी केल्याशिवाय येत नाही. उज्ज्वलात पाच किलोच्या लहान सिलिंडरचा पर्याय आहे आणि आठवड्याच्या मजुरीत बसेल असा तोच आहे. अन्नपूर्णा योजना मात्र १४.२ किलोच्या जोडणीपुरतीच ठेवण्यात आली.

कुणी म्हणेल, खेड्यात सरपण फुकट असते. तसे आता राहिलेले नाही. ट्रॅक्टर आले, बैल गेले, त्यांच्याबरोबर शेणही गेले, आणि गोवऱ्या विकत घ्याव्या लागू लागल्या. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, हे आमच्या भागाचे हक्काचे जळण. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापसाची वाट लावली तेव्हापासून पऱ्हाट्या रचून ठेवू नका, त्यांत अळीचे कोष टिकतात, असे कृषी विभाग बजावत आला आहे. सल्ला अगदी योग्य आहे. तो पाळून ज्याने रोटाव्हेटरने पऱ्हाट्या मातीत मिसळल्या, त्याच्या घरच्या चुलीत काय घालायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांना आंघोळीला कढत पाणी लागते, आणि एकट्या बंबालाच दोन चुलींइतके जळण लागते. मग बाया पहाटे जंगलाची वाट धरतात, तिथे वाघाची भीती असूनही.

माझी शासनाला विनंती आहे की, अनुदानाची रक्कम बँकेत पाठवण्याऐवजी नोंदणीच्या वेळीच किमतीतून वजा करावी. पाच किलोच्या जोडणीलाही अन्नपूर्णा योजनेचा लाभ त्या प्रमाणात द्यावा आणि हे लहान सिलिंडर गावातल्या रेशन दुकानातच अनुदानित दराने भरून मिळावेत. निदान पहिली दुरुस्ती तरी येत्या हिवाळ्याआधी व्हावी.

– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ