तूट भरून काढू, पण फेऱ्या कापून नव्हे

सर्व बसप्रवाशांना सप्रेम नमस्कार.

आपल्या बससेवेच्या अंदाजपत्रकात तूट आली आहे आणि ती भरण्यासाठी फेऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. तूट खरी आहे, हे आमची प्रवासी समिती मान्य करते. इंधन, सुटे भाग, पगार, सगळेच वाढले आहे, आणि तिकिटाच्या पैशांतून बससेवेचा सगळा खर्च निघतो असे जगात फार थोड्या ठिकाणी घडते. पण ही तूट प्रवाशांच्या वेळेतून वसूल करायला आमचा ठाम विरोध आहे.

१५ मिनिटांनी येणारी बस ३० मिनिटांनी येऊ लागली, की थांब्यावरचे सरासरी ताटकळणे साडेसात मिनिटांवरून १५ मिनिटांवर जाते. गाडी बदलून जाणाऱ्याला ते दोनदा सोसावे लागते. ज्यांच्याकडे दुचाकी आहे ते बस सोडतात. मागे उरतात ते रात्रपाळीच्या परिचारिका, शाळकरी मुले, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे रुग्ण. मग भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचे प्रमाण, घसरते, आणि पुढच्या वर्षी त्याच घसरलेल्या भारमानाकडे बोट दाखवून आणखी फेऱ्या बंद होतात. एवढे करून बचत तरी किती? फेऱ्या निम्म्या केल्या म्हणून खर्च निम्मा होत नाही. आगार, कार्यशाळा, कर्जाचे हप्ते हे सगळे तसेच राहते.

भाडेवाढीबद्दलही बोलायला हवे. १० टक्के भाडे वाढवले तर साधारण ३ टक्के प्रवासी कमी होतात, असा वाहतूक क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे थोडे उत्पन्न वाढते, हे खरे. मात्र सेवा घटवून वर भाडे वाढवले, तर माणसे किती काळ टिकतील?

आम्हाला सर्वांत जास्त आशा वाटते ती बसच्या वेगाकडून. एका मार्गावर जाऊन-येऊन ६० मिनिटे लागत असतील, तर दर १० मिनिटांनी बस सोडायला ६ गाड्या लागतात. बससाठी वेगळी मार्गिका दिली, सिग्नलला प्राधान्य दिले आणि हाच वेळ ५० मिनिटांवर आला, तर ५ गाड्यांत तेच वेळापत्रक चालते. एक गाडी, तिचे इंधन आणि तिच्यावरच्या पाळ्या मोकळ्या होतात, आणि एकही फेरी कापावी लागत नाही. कोंडीत उभ्या असलेल्या बसवर आपण रोज पैसे जाळतो आहोत, हे अंदाजपत्रकात कुठेच वेगळे दिसत नाही.

पैसा तिकिटाबाहेरूनही येऊ शकतो. फ्रान्समध्ये १९७१ पासून, आधी पॅरिस परिसरात आणि मग इतर शहरांत, नोकऱ्या देणाऱ्या संस्थांकडून वाहतुकीसाठी वेगळा कर घेतला जातो, कारण कामगार वेळेवर पोचण्याचा फायदा त्यांनाही होतो. लंडनने २००३ मध्ये मध्यभागात येणाऱ्या मोटारींवर कोंडीशुल्क लावले आणि त्यातली शिल्लक कायद्यानेच वाहतुकीसाठी बांधून घेतली.

हे सगळे अंदाजपत्रकावरच्या सुनावणीत मांडायचे, तर हातात आकडे हवेत. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. सलग दोन आठवडे थांब्यांवर उभे राहून प्रवासी मोजायला आणि कोंडीत गेलेली मिनिटे नोंदवायला स्वयंसेवक लागतील. पहाटेच्या पहिल्या आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीला माणसे मिळणे सगळ्यांत कठीण, आणि नेमक्या त्याच फेऱ्यांवर आधी कुऱ्हाड येते. निवृत्त लेखापाल किंवा वाहतूक खात्यात काम केलेले कुणी असाल, तर जमाखर्च वाचायला बसा. चालक-वाहकांनो, गाडी कुठे अडते हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक नाही.

नोंदवह्या, छपाई आणि हिशेबतपासणीसाठी देणगीही हवी आहे. रक्कम कितीही लहान असू द्या, पावती मात्र मागून घ्या. जमा आणि खर्च आम्ही दर महिन्याला थांब्यांवरच्या फलकांवर लावू. ज्यांना परवडते त्यांनी रोजच्या तिकिटाऐवजी मासिक पास काढावा, म्हणजे बससेवेला पैसा आगाऊ मिळतो.

आणि सुनावणीच्या दिवशी या. तुमची बस कोणती, ती बंद झाली तर तुमचे काय अडेल, एवढेच दोन मिनिटांत सांगा.