आत्या ट्रामच चालवते, असंच सांगा

मेलबर्न
१८ नोव्हेंबर २०२५

ती. दादा आणि सौ. वहिनींना सा. न.

आईला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवालच, पण माझ्या डॉक्टरी तपासणीचा मजकूर आला की तेवढा गाळा. ती उगाच गजानन महाराजांना नवस बोलून बसते.

वहिनी, परवा फोनवर तुम्ही हसत हसत सांगून गेलात की चिरंजीवांच्या होणाऱ्या सासरी दादानं माझी ओळख ‘ऑस्ट्रेलियात वाहतूक खात्यात मोठ्या हुद्द्यावर’ अशी करून दिली. दादा, त्यातलं वाहतूक तेवढं खरं आहे. हुद्दा म्हणशील तर मी गाडीत सगळ्यात पुढे बसते. फोनवर आई शेजारी होती म्हणून बोलले नाही, आता लिहून राहिले.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. व्हीआरसीईची इंजिनिअरिंगची डिग्री, इतकी वर्षं कॉम्प्युटरमध्ये, आणि चोपन्नाव्या वर्षी ड्रायव्हर? जुन्या कंपनीनं आमचा विभागच बंद केला तेव्हा हातात बऱ्यापैकी रक्कम आली, आणि थोड्याच दिवसांत तशीच दुसरी नोकरीही चालून आली. काम तेच. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्या कोणाच्या, यावर तास तास मीटिंगा करायच्या. मी नाही म्हणाले. त्या कामात मी चांगली होते रे, पण ते कधी संपायचंच नाही. कुकरची तिसरी शिट्टी होते तोवर बंगळूरचा फोन, रविवारी सकाळी मेल. आता डेपोत गाडी लावली की संपलं. शेवटच्या थांब्यापासून माझ्या मागे घरापर्यंत काही येत नाही.

नोकरीच्या जाहिरातीत ‘वय अमुक ते तमुक’ असं इथं लिहिता येत नाही. वयावरून भेदभाव करायचा नाही, असा २००४ चा कायदाच आहे. आमच्या तुकडीत एक हॉटेलातला आचारी होता, एक शाळेतली बाई, एक टॅक्सीवाला. कोवळी पोरं अगदी थोडी. पण तब्येतीत मात्र कोणी सूट देत नाही. डोळे, कान, छातीचा आलेख, शुगर, सगळं बघतात. पन्नाशीपर्यंत दर पाच वर्षांनी, पन्नास ते साठमध्ये दर दोन वर्षांनी, साठीनंतर दरवर्षी. माझी शुगर काठावर निघाली, तेव्हापासून भात एक वेळ आणि आंब्याच्या दिवसांत तोंडावर ताबा. शिवाय कधीही अचानक बोलावून दारूची तपासणी होते. (आईसाठी गाळायचा मजकूर संपला.)

आमची सगळ्यात लांब गाडी ३३ मीटरची, तिच्यात २१० माणसं मावतात. वेग आणि ब्रेक दोन्ही एकाच दांड्यावर. ट्रामला स्टिअरिंग नसतं, म्हणजे समोर कोणी आलं तर बाजूनं काढून घ्यायची सोयच नाही, आणि लोखंडावर लोखंड असल्यामुळे थांबायलाही मोटारीपेक्षा जास्त जागा लागते. म्हणून सगळी हुशारी लांबून माणूस ओळखण्यात. कानात बोळे, मान मोबाइलमध्ये आणि एक पाय फुटपाथच्या खाली, असा कोणी दिसला की घंटा वाजवायची आणि दांडा आधीच ओढून धरायचा. एक ट्राम म्हणजे ३० गेंड्यांचं वजन, असं इथल्या कंपनीनं २०११ मध्ये पोस्टरं लावून लोकांना बजावलं होतं. पोस्टरवर गेंडा स्केटबोर्डवर उभा! तरी लोक आडवे येतातच.

शहराच्या मध्यभागी आणखी एक गंमत आहे. मोटारवाल्याला उजवीकडे वळायचं असेल तर आधी डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं, ट्रामचे रूळ मोकळे राहावेत म्हणून. हा नियम एक दिवस आपल्या नागपूरच्या व्हरायटी चौकात लावून बघा म्हणावं. संध्याकाळपर्यंत सीताबर्डी बंद.

आता खास तुझ्यासाठी. पावसाच्या पहिल्या सरीनं रूळ फार निसरडे होतात. चाकं घसरायला लागली की चाकांपुढे वाळू सोडायची. बटण दाबलं की बारीक, कोरडी वाळू नळीतून सरसरत रुळावर पडते आणि गाडी पुन्हा पकड घेते. प्रशिक्षकानं हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला एकदम छिंदवाडा लाइनवरची रामाकोन्याच्या पुढची चढण आठवली. बाबांचं इंजिन तिथे हटकून अडायचं. चाकं जागच्या जागी फिरायची, बाबा वाळूचा दांडा ओढायचे, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर फायरमनकाका खाली उतरून मुठीनं रुळांवर वाळू टाकत इंजिनापुढे चालायचे. तू हे सगळं इंजिनवरून बघितलंस. मला गार्डकाकांच्या डब्यात बसवलं होतं, पोरीचा फ्रॉक काळा होईल म्हणून. मी खिडकीतून अर्धं धड बाहेर काढून बघितलं ते तेवढंच. बाबांचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे, माझे १४३५. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. आता ती इंजिनं बघायला मोतीबागेच्या म्युझियममध्येच जावं लागतं. बाबांचा लाइन बॉक्स, ड्युटीवर न्यायची ती पेटी, माळ्यावर असेल. वहिनी, दिवाळीची साफसफाई झाली असली तरी तो भंगारात जाऊ देऊ नका.

आणि बाईमाणसाचं म्हणशील, तर आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव ऐंशीच्या दशकातच रेल्वेत आल्या, आशियातल्या पहिल्या महिला ट्रेनचालक झाल्या, वंदे भारतही चालवली, आणि परवा सप्टेंबरात मानानं निवृत्त झाल्या. इथल्या लोकांनी तेव्हा आपल्याला हसायचं कारण नव्हतं. १९५६ मध्ये मेलबर्नमध्ये बायकांना ट्राम चालवायला द्यायचं ठरत होतं, तर कामगार संघटनाच आडवी आली. जॉइस बॅरी या बाई शिकून तयार होत्या, त्यांच्या हातात गाडी आली ती १९७५ मध्ये. मला एकोणीस वर्षं थांबायला लागलं असतं तर मी आधी चार माणसांना घंटेसारखं बडवलं असतं. आपल्या मेट्रोतही मुली गाडी चालवतात. त्यांच्या भावांनी काय सांगायचं पाहुण्यांना?

पैशाचंही लिहिते, नाहीतर तू मनातल्या मनात हिशेब करत बसशील. पगार कमी झाला, जाणवेल इतका कमी झाला. घराचं कर्ज फिटलं होतं आणि इरा कमावती झाली होती म्हणून हे जमलं. तसं नसतं तर मी मुकाट्यानं ती दुसरी नोकरी धरली असती. मनाचं ऐका वगैरे जे लोक सांगतात ना, त्यांचं कर्ज कोण फेडतं ते आधी विचारावं. आणि सगळं गोड नाही. पहाटेची पाळी असली की साडेतीनला उठते. दिवाळीच्या दिवशीही मी ९६ नंबरच्या ट्रामवर होते. शुक्रवारी रात्री शेवटच्या गाडीत पिऊन चढलेल्यांना उतरवणं हे वेगळंच शास्त्र आहे. तरी एक सांगते, उतरताना लोक ‘थँक यू’ म्हणतात. इतक्या वर्षांत एका सॉफ्टवेअरनं म्हटलं नव्हतं.

पण तुटक पाळी असते ती मला आवडते. सकाळच्या गर्दीची गाडी, मग मधे चार तास मोकळे, मग संध्याकाळची गर्दी. इतरांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. मी मात्र सिटी बाथ्समध्ये पोहायला शिकते आहे. १९०४ ची लाल-पांढऱ्या विटांची इमारत, आत जुना तलाव, माझ्याबरोबर सत्तरीच्या दोन ग्रीक आज्या. सावनेरला मामाकडे गेलो की कोलार नदीत तू डुंबायचास आणि मी काठावर तुझे कपडे राखायचे, आठवतं? आता पाठीवर तरंगता येतं. सूर मारायचं धाडस अजून नाही. पोहून आले की डबा उघडते. श्रीकांतनं पाटवडी शिकून घेतली आहे. रस्सा अजून पाणचट होतो, पण कौतुक करावं लागतं, नाहीतर तो डबा देणं बंद करेल.

मार्चअखेर तूही सुटतोस. अठ्ठावन्नला सरकार घरी पाठवतं, पण म्हणून लगेच सकाळी फिरणं, दुपारी पेपर आणि चारला चहा असा टाइमटेबल आत्तापासून कशाला लावून ठेवलास? गल्लीतल्या सगळ्यांचे रेडिओ तू उघडून बसायचास. खिळखिळे झालेले मिक्सर, पंखे, सगळं तुझ्या हातानं वळणावर यायचं. तू काय करावं हे मी सांगणार नाही, माझं तू ऐकशीलही नाही. पण वहिनींना सांबारवडीच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत आणि तू ‘लोक काय म्हणतील’ म्हणालास, हे मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. निदान तो मोठा गॅस बसवून दे त्यांना. थंडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, ढिगानं येतो, सुरुवात करायला हेच दिवस बरे.

आता लग्नाचं. आमच्याकडे रजेची पाळी आधीच लावावी लागते, ऐनवेळी अर्ज केला तर कोणी ऐकत नाही. म्हणून मुहूर्त फेब्रुवारीतला की मेमधला, एवढं तरी गुरुजींकडून काढून घे आणि लगेच कळव. मे ठरला तर श्रीकांतसाठी कूलरसमोरची खाट राखून ठेवा. त्याला आता नागपूरचं ऊन सोसत नाही, पण तो ते कबूल करत नाही.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंदा