पडदा कधी तपासलाय, काका?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयात तुमच्या खोलीबाहेर रोज केवढी रांग असते, त्यात मी कुठला लक्षात राहणार! गेल्या श्रावणात चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला आलेला शिंपी, तो मी. दोऱ्याचं टोक चार-चारदा ओलं केलं तरी सुईत जात नव्हतं. वय ५६, म्हटलं चाळिशीच वाढली असेल.

तुम्ही विचारलंत, "शुगर आहे का?" नऊ वर्षं आहे म्हटल्यावर लगेच, "मग पडदा कधी तपासलाय, काका?" डोळ्याच्या आतल्या पडद्याबद्दल एवढ्या वर्षांत मला कुणीच विचारलं नव्हतं. गोळ्या वेळेवर घ्यायचो, महिन्याला उपाशीपोटीची शुगर बघायचो आणि निर्धास्त असायचो.

थेंब घातल्यावर उजेड सोसेना, तेव्हा तुम्ही मला खिडकीपासून लांबच्या बाकावर बसवलंत. तपासणी झाल्यावर केसपेपरच्या पाठीमागे एक गोल काढलात आणि त्यात लाल पेनाने बारीक ठिपके दिलेत. "हे रक्त. बारीक नसांतून पाझरलंय. किडनीतही अशाच बारीक नसांची जाळी असते, लघवी तपासून घ्या."

मी म्हटलं, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलंय, नॉर्मल आहे. त्यावर तुम्ही जे सांगितलंत, ते आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक शुगरवाल्याला मी सांगतो. क्रिएटिनिन वाढतं तोवर किडनीचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जाणं बहुतेकदा त्याच्या खूप आधी सुरू होतं.

माझं अल्ब्युमिनचं प्रमाण २१० निघालं. ३०च्या आत हवं. काळजात चर्र झालं. डॉक्टरांनी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी पुन्हा करून खात्री केली, टेल्मिसार्टन ही बीपीची, किडनीलाही जपणारी गोळी सुरू केली आणि पाठदुखीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. मशिनवर बसून कंबर धरली की मी त्या चण्यासारख्या खायचो. त्या किडनीला अपाय करतात, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आज आकडा ९० आहे. डोळ्याला लेसर लागलेलं नाही, पण दर सहा महिन्यांनी पडदा दाखवायचा हे तुम्ही बजावलंय आणि मी ते पाळतोय.

त्या दिवशी मला भीती घातली नाहीत, याबद्दलही तुमचे मनापासून आभार. थेंबांनी सगळं धूसर असताना मी मोटारसायकलला किक मारणार होतो. तुम्ही किल्ली काढून घेतलीत, मुलाला फोन लावलात आणि तो येईपर्यंत दोनदा बाहेर येऊन बघून गेलात. रांग तशीच उभी होती. ताई, हे मी कसं विसरू?

पुढच्या तारखेला मंडळीही बरोबर येतील. चार वर्षांपासून तिलाही शुगर आहे आणि तिच्या डोळ्यांत अजून कुणी थेंब घातलेले नाहीत.

तुमचा,
शिंपीकाका