वर्गणी बंद करण्याचा हक्क सीमेपलीकडे संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या वार्षिक वर्गणी योजनांच्या जाहिरातींत भेटवस्तूचे छायाचित्र ठळक असते. वर्गणी मध्येच बंद केल्यास उरलेल्या रकमेचे काय होते, हे मात्र क्वचितच छापलेले दिसते. खानापुरात आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध दांपत्य पावसाळ्याच्या तोंडावर मुलाकडे पुण्याला गेले. महाराष्ट्रातून येणाऱ्या एका दैनिकाची वर्षाची वर्गणी त्यांनी आधीच भरली होती. अंक बंद करण्याविषयी एजंट म्हणे कार्यालयाला कळवा आणि कार्यालय म्हणे एजंटाला सांगा. इकडे कडीत अडकवलेले अंक भिजून त्यांचा असा लगदा झाला की रद्दीवाल्यानेही ते नेले नाहीत. शिवाय पावतीवर ‘वाद केवळ प्रकाशनस्थळाच्या न्यायकक्षेत’ अशी ओळ असल्याने त्यांनी पैशांवर पाणी सोडले.

वास्तविक त्या ओळीला एवढे घाबरण्याचे कारण नव्हते. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. त्यामुळे निपाणी, चिकोडी किंवा खानापूरच्या वर्गणीदाराला परराज्यातील प्रकाशनाविरुद्धही आपल्या जिल्ह्यातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येते.

अर्थात, मन बदलले म्हणून पूर्ण पैसे परत मिळावेत, असे सरसकट कलम कायद्यात नाही, आणि तशी अपेक्षाही रास्त नव्हे. घेतलेल्या भेटवस्तूची किंमत वजा होणे समजण्यासारखे आहे. परंतु पैसे घेऊन अंक न देणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते, आणि अटी अगदीच एकतर्फी असतील तर अनुचित कराराविरुद्ध राज्य आयोगाकडेही जाता येते. वर्गणी बंद करण्याचे पत्र तारीख घालून एजंट व कार्यालय दोघांनाही द्यावे आणि पोच जपून ठेवावी. तोंडी निरोप नंतर कुणालाच आठवत नाही. मोबाइलवरील ई-पेपरचे पैसे आपोआप कापले जात असतील, तर ती परवानगी ग्राहकाला बँकेतून किंवा यूपीआय ॲपमधून केव्हाही काढून घेता येते. सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम किचकट ठेवण्याला तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाची फसवणूकच मानले आहे.

आपल्या दैनिकासह सर्वच मराठी वृत्तपत्रांना विनंती, की योजनेच्या जाहिरातीतच अंक बंद करण्यासाठी किती दिवस आधी कळवावे, उरलेली रक्कम कशी मोजली जाईल आणि ती कोण देईल, एजंट की कार्यालय, हे भेटवस्तूच्या छायाचित्राखाली वाचता येईल अशा टाइपात छापावे.

आपला,
एक वर्गणीदार
खानापूर, जि. बेळगाव