गाडीतला संडास बदलला

विश्रामबाग, सांगली

प्रिय दिल्या,

पत्र मिळालं. काकूंना कासची फुलं दाखवायचीत, पण गुडघ्यांमुळे त्यांना उकिडवं बसता येत नाही, आणि वाटेत कमोड मिळेलच याचा भरवसा नाही, असं लिहिलंयस. आता ती काळजी सोड. आमच्या कॅम्पर व्हॅनमधला, म्हणजे राहायच्या गाडीतला, संडास बदलून झालाय.

जुना कॅसेटवाला होता. खाली अठरा लिटरची, बाहेर काढून ओतायची टाकी, वर सरकणारी पाती, तिला रबरी सील. सील वाळून कडक झालेलं, त्यामुळे पाती लावली तरी वास यायचा आणि घाटात वळणावर ठिबकायचं. नुसतं सील बदलून भागलं असतं. पण ती टाकी ओतायची कुठं? युरोपात कॅम्पसाइटवर त्यासाठी जागा केलेली असते. पेठनाक्याला हायवेला लागल्यावर तू कुठल्या ढाबेवाल्याला विचारशील? शिवाय वास दाबायला त्यात फॉर्मल्डिहाइडचं औषध टाकायचे. त्यानं सेप्टिक टँकमधले कामाचे जिवाणूही मरतात. म्हणून आधी ओतायची सोय बघितली आणि मग भांडं निवडलं.

नवा कोरडा आहे. पाणी नाही, औषध नाही. सीटखाली विभाजक: पुढचं कॅनमध्ये जातं, मागचं बादलीत. दोन्ही मिसळलं की जिवाणू लघवीतल्या युरियाचा झपाट्यानं अमोनिया करतात. नाकात झोंबतो तो हाच. बादलीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दरवेळी वर दोन मुठी टाकायचं. नर्सरीत त्याची दाबलेली वीट मिळते, भिजवली की फुगते. शिवाय कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा छोटा पंखा बादलीतली हवा बाहेर फेकतो. दिवसरात्र चालला तरी बॅटरीच्या चार अँपिअर-तासांच्या आत भागतं, सोलरवर सहज निघतं.

काम कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरनं केलं. जुनं भांडं उचललं तर खालचा प्लाय भिजून पापुद्रे सुटलेले. तेवढा चौकोन कापून मरीन प्लाय बसवला, पाण्याची नळी बूच मारून बंद केली, फ्लशच्या पंपाचा फ्यूज काढला. भोकं बुजवायला सिलिकॉन.

कॅन वाटेत कुठल्याही संडासात ओतता येतो. घरी असलो तर दहापट पाणी घालून नारळाला. बादलीतलं मात्र मळ्यातल्या खड्ड्यात मातीआड, आणि निदान वर्षभर त्याला हात लावायचा नाही. भाजीला तर नाहीच.

तात्या अजून नाराज आहेत. २००० साली आर. आर. आबांनी ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा गावात हातात झाडू घेऊन फिरलेला माणूस. म्हणाले, "आबांनी हागणदारी गावाबाहेर काढली, आणि तू गाडीत घालून फिरवतोस!" पण परवा गुपचूप वापरून आले. वास येत नाही एवढं कबूल केलंय.

एकच नियम: गड्यांनीही बसूनच करायचं, नाहीतर विभाजकाचा काही उपयोग नाही. पोरांना तू सांग, आणि स्वतःही पाळ!

कासचं ऑनलाइन बुकिंग तू कर, शनिवार-रविवार सोडून. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या