पायथ्याच्या मावशींना

19 जुलै 2023च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हताच. आम्ही बातमीदारही चिखलातून चढलो. दिवसभर मी एकच प्रश्न विचारत होते, 'तुमच्या घरातले किती?' खाली उतरून बातमी टाइप करायला बसले, तर बोटंच चालेनात.

मावशी, तुम्ही मला ओसरीवर घेतलंत. चिखलानं घट्ट झालेल्या बुटांच्या नाड्या सोडवल्यात, पायांवर ऊन पाणी ओतलंत. विचारलं मात्र काही नाहीत. मी रडत होते तेव्हा शेजारी बसून तांदूळ निवडत राहिलात.

शोधकार्य थांबलं तेव्हा 27 मृतदेह सापडले होते, 57 जण बेपत्ताच. जोराचा पाऊस लागला की अजून झोप उडते. हल्ली समुपदेशकाकडे जाते.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. बातमीदार असून! मनापासून आभार, मावशी.